हिकरीचं पान शीटवर मावत नाही

हिकरी नावाच्या झाडाचं एक पान फूटभर तरी लांब असतं, कधी कधी दीड फूट. हर्बेरियमची शीट, म्हणजे वाळवलेली वनस्पती चिकटवायचा जाड कागद, असते साडेसोळा इंच लांब आणि साडेअकरा इंच रुंद. गेल्या दोन वर्षांतल्या माझ्या बऱ्याच कटकटी या दोन मापांमधून निघाल्या आहेत.

मी व्हर्जिनियात, ब्लू रिज डोंगरातल्या एका उद्यानाच्या हर्बेरियममध्ये महिन्यातून दोन-तीनदा स्वयंसेवक म्हणून जाते. उद्यानाचं नाव लिहीत नाही, कारण पुढे बरेच घोळ येणार आहेत आणि ते सगळे माझे आहेत, त्यांचे नव्हेत. हर्बेरियम म्हणजे काही भव्य बिव्य नाही. कार्यालयाच्या मागच्या अंगाला बिनखिडकीची एक खोली, सहा लोखंडी कपाटं, एक लांब टेबल आणि एक डीप फ्रीझर. कपाटांत वाळवून जाड कागदावर चिकटवलेल्या वनस्पती, कुळाप्रमाणे लावलेल्या. वास जुन्या वह्यांच्या दुकानासारखा. मी तीस वर्षं लोकांचे हिशेब तपासले, वनस्पतिशास्त्राशी माझा संबंध बाल्कनीतल्या कुंड्यांपुरता. पण पहिल्याच दिवशी क्युरेटर बाई म्हणाल्या, "ही शीट म्हणजे व्हाउचर," आणि मला एकदम माहेरी आल्यासारखं वाटलं.

शब्द तोच आणि अर्थही तोच. उद्यानाच्या यादीत लिहिलंय की इथे अमुक झाड आहे. ठीक, कोण म्हणतं? कशावरून? ज्या झाडाची फांदी कपाटात आहे, कुठून, कधी आणि कोणी तोडली हे जिच्या लेबलवर लिहिलंय, ती नोंद पक्की. बाकीचं ऐकीव.

मग सवयीने मी यादी आणि कपाट ताडून बघायला बसले. पिंक लेडीज स्लिपर नावाचं एक देखणं ऑर्किड आहे, त्याच्या एकवीस शीट निघाल्या. हिकरीच्या पाच जाती यादीत, आणि सगळ्या मिळून शीट सात. त्यातल्या चार नुसत्या पानांच्या. फळ एकीवरच. बिटरनट हिकरी यादीत आहे, कपाटात नाहीच. बाहेर पार्किंगमधून मान वर केली तर चारी बाजूंना हिकरी उभ्या आहेत!

"सगळ्यांना ऑर्किड हवं असतं," बाई म्हणाल्या. "त्याच्यासाठी वाकलं की झालं. हिकरीला शिडी लागते."

हे मला फार पटलं. दुर्मीळ फूल दिसलं की प्रत्येक जण थांबतो, तोडतो, दाबतो. जे झाड सगळीकडे आहे त्याचा पुरावा ठेवायचं कोणाच्या मनात येत नाही, ते कुठे जातंय! पण याच डोंगरात अमेरिकन चेस्टनट असंच सगळीकडे होतं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याच्यावर एक बुरशी सापडली आणि पुढच्या चाळीस-पन्नास वर्षांत पूर्वेकडच्या सगळ्या डोंगररांगांतली मोठी चेस्टनट वठून गेली. अब्जांनी झाडं. त्या रिकाम्या जागांवर ओक वाढले, काही ठिकाणी हिकरी वाढल्या. आत्ता आमच्या डोळ्यांदेखत अ‍ॅश नावाचं झाड चाललं आहे, २००२ मध्ये मिशिगनमध्ये सापडलेल्या एका हिरव्या चमकदार भुंग्यामुळे. म्हणजे "सगळीकडे आहे" हा काही ताळेबंदात धरण्यासारखा आकडा नाही.

तर हिकरीचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे मी मागून घेतलं.

हिकरी म्हणजे अक्रोडाच्या कुळातलं झाड. पेकन खाल्ला असेल तर तुम्ही हिकरी खाल्ली आहे. पेकन ही हिकरीचीच एक जात. नावही याच मुलखातलं. व्हर्जिनियाच्या किनाऱ्याकडचे पोहाटन लोक ही फळं कुटून, पाण्यात घालून एक दुधासारखं पेय करत. त्याचं नाव इंग्रजांनी ऐकलं तसं लिहून ठेवलं. जॉन स्मिथच्या १६१२च्या पुस्तकात ते आहे, काहीसं 'पॉकोहिकोरा'सारखं. पुढे त्याचा शेंडा-बुडखा छाटून हिकरी उरलं.

बाहेरच्या कामाला माझा जोडीदार एक निवृत्त सुतार आहे, सत्तरी ओलांडलेला. हिकरी त्याला हाताने माहीत आहे. कुऱ्हाडीचा दांडा, हातोडीचा दांडा, ढोलाच्या काठ्या, सगळं हिकरीचं, कारण हे लाकूड दणका सोसतं आणि पिचत नाही. झाड बघताना तो खोडावर तळवा ठेवतो. मी पान बघते. आमचं निम्मं भांडण एवढ्यावरूनच.

शॅगबार्क हिकरीवर मात्र वाद होत नाही. तिची साल हातभर लांब फळ्यांसारखी सुटते, मधे चिकटलेली आणि वर-खाली उचकटलेली, जुन्या छपरावरच्या कौलांसारखी. पण गंमत अशी की साल शीटवर येत नाही. शीटवर फांदी येते. मग पन्नास वर्षांनी कोणी ती शीट उघडली तर त्याला कशावरून कळणार? बाईंनी दहा पट मोठं दाखवणारं भिंग हातात दिलं. शॅगबार्कच्या पानाला बहुतेक पाच पर्णिका, म्हणजे एकाच पानातली छोटी पानं, असतात, आणि पर्णिकेची कड करवतीसारखी. त्या करवतीच्या दात्यांच्या टोकांशी पांढुरक्या केसांचा इवलासा झुपका असतो. दाढी करताना हनुवटीखाली राहून जातो तसा. जून सरल्यावर बरेच झडतात, पण शोधले तर दोन-चार सापडतातच. नुसत्या डोळ्यांना काहीही दिसत नाही. तो झुपका मला पहिल्यांदा दिसला तेव्हा मी मोठ्याने "सापडला!" असं मराठीत ओरडले. सुतार दचकला.

बिटरनट ओळखायला त्याहून सोपी, तिची शेंड्याची कळी गंधकासारखी पिवळीजर्द. हिवाळ्यात पानं नसतानासुद्धा ओळखू येते. तिची गिरी इतकी कडू की खारही मागे ठेवते, असं सुतार म्हणतो. मी चाखून बघितली. खारीचं बरोबर आहे. मॉकरनटच्या पानाचा देठ खालून लवदार, चुरगळलं की डिंकासारखा, किंचित संत्र्याच्या सालीसारखा वास, आणि कळी चांगली टपोरी.

तोडायच्या आधी एक तपासणी मात्र मी कधी चुकवत नाही. पानं फांदीवर समोरासमोर असतील तर ते अ‍ॅश, एकाआड एक असतील तर पुढे जायचं. मग डहाळी चाकूने उभी चिरायची. आतला गाभा भरीव असेल तर हिकरी, शिडीसारखे कप्पे-कप्पे असतील तर काळा अक्रोड. लांबून दोन्ही सारखीच दिसतात.

फांदी हाताला येत नाही हा खरा प्रश्न. लांब दांड्याची कात्री अठरा फुटांपर्यंत पोचते, आणि हिकरीची पहिली फांदी पुष्कळदा तिच्या वर असते. जी खाली लोंबते ती सावलीतली, मरगळलेली. तिची पानं मोठी, पातळ, आणि त्यांच्यावरून निदान करायला गेलं की हमखास फसगत. उन्हातली पानं निराळी असतात. म्हणून वादळानंतरचा दिवस आमचा. वाऱ्याने शेंड्याची फांदी ताजी ताजी खाली पाडलेली असते, फक्त ती नक्की कुठल्या झाडाची हे शपथेवर सांगता आलं पाहिजे. गोचिडींबद्दल लिहीत नाही. पायमोज्यांत पँट खोचायची आणि घरी आल्यावर कपडे थेट ड्रायरमध्ये टाकायचे.

आता ते माप. फूट-दीड फूट लांबीचं पान, त्याला पाच-सात पर्णिका, शिवाय डहाळी, शिवाय कळी दिसली पाहिजे. कापता येत नाही, कारण पर्णिका किती हेच तर दाखवायचंय. मग पान दुमडायचं, इंग्रजी 'व्ही'सारखं, फारच मोठं असेल तर 'एन'सारखं. त्यातली एक पर्णिका उलटी करायची, म्हणजे खालची बाजूही वर येईल. एकदा वाळलं की उलटता येत नाही, तुकडे होतात. म्हणून हे सगळं जंगलात, ताजं असताना, मांडीवर प्रेस ठेवून. वर्तमानपत्राची घडी, टीपकागद, पन्हाळीचा पुठ्ठा, पुन्हा घडी, वरखाली लाकडी जाळी आणि पट्टे. दुसऱ्या दिवशी पट्टे पुन्हा आवळायचे, कारण पानं रात्रीतून बसलेली असतात. माझ्या पहिल्या तीन शीट बघून बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "हिच्यावर कोणी बसलं होतं का?"

पण माझा खरा छळ केला तो चौदा नंबरने.

चौदा म्हणजे माझा संकलन क्रमांक. नोंदवहीत पहिल्यापासून सलग आकडे चालतात आणि एकदा दिलेला आकडा परत दुसऱ्याला देत नाहीत. व्हाउचर नंबरसारखंच. हे झाड एका कोरड्या कड्याच्या बगलेला, सुमारे २,३०० फुटांवर, चेस्टनट ओकच्या सोबतीने उभं आहे. जूनमध्ये खालची फांदी तोडली, पाच पर्णिका, कुठे लव नाही, गुळगुळीत. मी ऐटीत लिहिलं, पिगनट, शास्त्रीय नाव कॅरिया ग्लॅब्रा. दोन आठवड्यांनी वादळ झालं, त्याच झाडाखाली त्याचीच तुटलेली फांदी सापडली. तिच्यावर सात पर्णिका, देठ लालसर. सात आणि लालसर म्हणजे पुस्तकाप्रमाणे रेड हिकरी, कॅरिया ओव्हॅलिस. एकच झाड, दोन नावं.

"नाव खोड," बाई म्हणाल्या. "नुसतं कॅरिया लिही. बाकी फळ आल्यावर."

मला हे आधी अपमानास्पद वाटलं. मग लक्षात आलं की आमच्याकडे याला सस्पेन्स खातं म्हणतात. रक्कम आली आहे, कोणाची ते कळत नाही. तर उगाच कोणाच्या नावावर टाकायची नाही, बाजूला ठेवायची. नवशिका कारकून ती कुठेतरी बसवून मोकळा होतो आणि मार्चमध्ये सगळ्यांना रडवतो.

फळावरून निर्णय होईल अशी आशा होती, कारण पिगनटचं हिरवं साल पातळ आणि अर्ध्यापर्यंतच उकलतं, रेड हिकरीचं थेट बुडापर्यंत. ऑक्टोबरच्या सुरुवातीला, एका शुक्रवारी, चौदा नंबरखालून तीस-पस्तीस फळं वेचली. कागदी पिशवीत घातली, पिशवीवर नंबर घातला. नियम असा की बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी फ्रीझरमध्ये, उणे वीस अंशांवर, आठवडाभर. संध्याकाळचे सहा वाजले होते, नवरा बाहेर गाडीत हॉर्न वाजवत होता, मी पिशवी टेबलावर ठेवली आणि गेले.

सोमवारी बाईंचा फोन. आवाज अगदी शांत. तो शांत आवाज मी ऑडिटच्या दिवसांत ऐकलेला आहे. "तुझी चौदा नंबर चालायला लागली आहे."

हिकरीच्या फळात एक सोंडकिडा अंडी घालतो. अळी आत गिरीवर वाढते, आणि फळ जमिनीवर पडलं की शरद ऋतूत कवचाला गोल भोक पाडून बाहेर येते, मातीत शिरायला. या अळ्यांना माती मिळाली नाही. त्यांना पिशवीचा तळ मिळाला, मग टेबल, मग फरशी. पांढऱ्या दुधी, बिनपायांच्या, तांबूस डोक्याच्या, अर्ध्या इंचाहून थोड्या मोठ्या. सतरा मोजल्या. कवचावरचं भोक इतकं रेखीव की सुतार ते बोटावर फिरवून बघत म्हणाला, माझं ड्रिल एवढं स्वच्छ काम करत नाही. त्याला मजा वाटत होती. मला नाही. वाळलेल्या पानांना या अळ्यांपासून काही धोका नसतो, त्यांना माती हवी असते. पण वाळलेल्या वनस्पतींवर जगणारे भुंगेरे अशाच पिशव्यांतून आत येतात. ते एकदा कपाटात शिरले की वर्षभरात शीटवर नुसता भुसा उरतो. पूर्वी त्यांच्या भीतीने शीटवर पाऱ्याचं विषारी मीठ फासत असत. म्हणूनच जुन्या शीटना हात लावताना आम्ही हातमोजे घालतो. त्या सोमवारी सहाही कपाटांचे कोपरे मी टॉर्च लावून पुसले. कोणी सांगितलं नव्हतं.

सालं मात्र वाचली. ती टेबलावर ओळीने मांडली. बारा सालं बुडापर्यंत उकललेली, नऊ अर्ध्यावर थांबलेली, बाकीची मधेच कुठेतरी.

चौदा नंबरने इथेही उत्तर दिलं नाही.

नंतर कळलं की यात माझा एकटीचा दोष नाही. हिकरींमध्ये काही जातींना ३२ गुणसूत्रं, काहींना दुप्पट, ६४. शॅगबार्क आणि बिटरनट पहिल्या गटात, मॉकरनट, पिगनट आणि रेड हिकरी दुसऱ्यात. त्यातून त्या आपसात संकरही करतात. पिगनट आणि रेड या दोन जाती आहेत की एकच, यावर तज्ज्ञांचंच एकमत नाही. हिवाळ्यात एक वनस्पतिशास्त्रज्ञ दुसऱ्या कामासाठी आले होते. त्यांनी चौदा नंबर वीस मिनिटं बघितली, आणि लेबलच्या शेजारी छोटी चिठ्ठी चिकटवली. तिचा अर्थ साधारण असा: कॅरिया ग्लॅब्रा, व्यापक अर्थाने. म्हणजे ढोबळमानाने! ऑडिटरने असा शेरा मारला असता तर मी त्याला चहा विचारला नसता.

चिठ्ठ्यांची ही पद्धत मला आवडते. जुनं लेबल खोडायचं नाही, काढायचं तर नाहीच. नवं मत शेजारी, तारखेसकट, सहीसकट. हिकरीच्या त्या सात शीटपैकी सर्वात जुनी १९३८ची आहे. तिच्यावर मूळ लेबल हिकोरिया आल्बा. तिच्या खाली वेगवेगळ्या हस्ताक्षरांत तीन चिठ्ठ्या: कॅरिया टोमेंटोसा. मग कॅरिया आल्बा. मग पुन्हा कॅरिया टोमेंटोसा. डहाळी तीच, मॉकरनटची, जागची हललेली नाही. आधी वंशाच्या नावाचा घोळ. राफिनेस्क नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०८ मध्ये दिलेलं 'हिकोरिया' छापखान्यात 'स्कोरिया' होऊन बसलं, आणि शेवटी टिकलं ते नटॉलचं १८१८चं कॅरिया. मग जातीचा. वनस्पतींना दोन शब्दांची नावं द्यायची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने १७५३ मध्ये 'आल्बा' म्हटलं खरं, पण त्याच्या पुढ्यातल्या सामग्रीत दोन वेगळ्या हिकरी मिसळलेल्या होत्या, त्यामुळे ते नाव कोणाचं यावर भांडण चाललं. पावणेतीनशे वर्षांपूर्वीचं सस्पेन्स खातं, दुसरं काय.

त्या १९३८च्या लेबलवर जागा लिहिली आहे, एका ओहोळाचं नाव आणि "वठलेल्या चेस्टनटांमध्ये". एवढंच. अक्षांश-रेखांश तेव्हा कोणी लिहीत नसे. गेल्या सप्टेंबरमध्ये मी आणि सुतार तो ओहोळ शोधत गेलो. वस्ती केव्हाच उठलेली, एका घराचं दगडी धुराडं तेवढं उभं. वठलेली खोडं अर्थातच नाहीत. पण धुराड्याच्या मागे, जुन्या मुळातून फुटलेला, बोटाएवढा जाड चेस्टनटचा फुटवा दिसला. मूळ अजून जिवंत असतं, फुटवे येतात, बुरशी त्यांना पुन्हा मारते. माझा हात कात्रीकडे गेला होता. सुताराने परवान्याचा कागद पुढे केला. त्यात हिकरीच्या पाच जाती होत्या, चेस्टनट नव्हता. वहीत नोंद केली, कात्री म्यानात.

मॉकरनट तिथे पुष्कळ होत्या. त्यातली सर्वात जुनी दिसणारी निवडली, तीच १९३८ची असेल असं म्हणायला काही आधार नाही आणि मी तसं लिहिलंही नाही. एकतीस नंबर. उन्हातली फांदी मिळाली, कळी मिळाली, पान 'व्ही'मध्ये बसलं, एक पर्णिका उलटी. फळ नव्हतं. हिकरी दरवर्षी लगडत नाहीत, भरपूर फळांचं वर्ष दोन-तीन वर्षांतून एखादं. शीट चिकटवताना फळाच्या पाकिटापुरती जागा खालच्या डाव्या कोपऱ्यात मोकळी सोडली आहे आणि तिथे पेन्सिलीने ३१ लिहिलंय. येत्या ऑक्टोबरमध्ये पुन्हा जायचंय, सुताराने तारीख वहीत टाकली आहे. या खेपेला पिशवी आधी फ्रीझरमध्ये जाईल. नवऱ्याला हॉर्न वाजवायला सक्त मनाई केली आहे.